नारबोदीची ओटी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर खाली हसायचे इमोजी टाका. मला फरक पडत नाही. ज्याला फारच हसू येईल त्याने एकदा येऊन माझ्या कपाळावरची खूण बघावी. केसांपासून भुवईपर्यंत गेली आहे.

आणि अमावास्येची रात्र, सुनसान रस्ता, पांढरी साडी असलं काही शोधत असाल तर इथेच थांबा.

हे सगळं दिवसा घडलं.

मागच्या वर्षीचा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. जिल्हा बालाघाट, लांजीच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं एक गाव. नाव बदलून पाथरटोला लिहिते, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांच्याशी मला भांडण नाही.

मी मंजुषा. नागपूरला एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यामुळे रक्ताची भीती वगैरे मला नाही. घरी आई आणि धाकटा भाऊ रजत. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. माझं लग्न झालं होतं. नवरा मारायचा. एकदा त्याने माझं मनगट मोडलं, त्या दिवशी मी बॅग उचलली आणि आईकडे आले, ती आजतागायत. हे सांगायची मला लाज वाटत नाही. आईला वाटते.

आई आहे तोवर माहेर, असं म्हणतात. माझी आई ठणठणीत होती, म्हणून मी निश्चिंत होते.

मग रजतचं लग्न ठरलं. मुलीकडचे घर बघायला आले. मी पोहे दिले. मुलीच्या काकूने बशी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "ताई इथेच असतात का? कायम?"

"नाही नाही," आई म्हणाली. "सध्या आहे."

सध्या!

लग्नानंतर मी त्या घरात राहणार की नाही, याचाच घोर मला लागला होता. विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि उत्तर मिळालं तर?

त्याच बैठकीत कुलदेवाचा विषय निघाला. लग्नाआधी देवाला सुपारी द्यायची तर देव कुठे आहे? आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. आजोबा डोमाजी लहान वयात गाव सोडून नागपूरला आले होते. बाबांना कधी गावाबद्दल विचारलं तर ते ताटावरून उठून जायचे. "आपल्याला गाव नाही," एवढंच म्हणायचे.

पण रजतने समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधून काढलंच. पाथरटोल्याचे प्रेमलाल काका. आजोबांच्या चुलत घराण्यातले. त्यांचा फोन आला.

"अरे, या न बाप्पा! देव इथंच हाये, आमच्या घरात. पोळ्याले या. टेन्शन नका घेऊ."

आम्ही गेलो. रजत गाडी चालवत होता, आई पुढे, मी मागे. आमगाव मागे पडलं, वाघ नदीचा पूल गेला, पाट्या हिंदीत सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना धान हिरवंगार. खरं सांगते, मला छान वाटत होतं.

पोळ्याच्या संध्याकाळी देवाचं सगळं नीट झालं. घराच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड, त्याच्यापुढे सुपारी, नारळ. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी करंज्या दिल्या.

मग काकांच्या आई आल्या. गोदाबाई. वय नव्वदीला टेकलेलं, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"हे पोरगी कोणाची वो?"

"माझी," आई म्हणाली.

"सासर कोठचं?"

"माहेरी आली आहे. पोळ्यासाठी." आई धडधडीत खोटं बोलली.

गोदाबाईंनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला आणि लुगड्याला पुसला.

"म्हणजे परत आली," त्या म्हणाल्या.

मी हसून सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांशी कोण डोकं लावतं?

झोपण्याआधी काकांनी सांगितलं, "सकाळी उजाडता उजाडता नारबोद निघते. बाहेर येऊन पाहा. शिव्या द्या, खडे मारा, काय म्हणायचं ते म्हणा. पण हात जोडू नोका. अन् तिले हात लावू नोका."

नारबोद म्हणजे आमच्या नागपूरची मारबत. गावातली रोगराई, इडापिडा एका बाहुलीवर लादायची आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला शिवेबाहेर हाकलायचं. पण एक फरक आहे, आणि तोच आम्हाला नडला. नागपूरची पिवळी मारबत देवी मानली जाते. लोक तिच्या पायावर लेकरं घालतात, नवस बोलतात. माझी आई नागपुरातच, बुधवारीत वाढलेली. लहानपणापासून पिवळीच्या पाया पडल्याशिवाय तिने त्या दिवशी चहा घेतला नाही.

काकांचं बोलणं तिने ऐकलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पहाटे ढोलाच्या आवाजाने जाग आली. आभाळ भरलेलं. उजेड राखेच्या रंगाचा. गल्लीत पोरं गेडीवर चढून नाचत होती. गेडी म्हणजे बांबूचे दोन उंच दांडे, मध्यावर पाय ठेवायला पावठ्या दोरीने बांधलेल्या. पोरं त्या दोरीवर घासलेट ओततात, म्हणजे पाऊल पडलं की करकर वाजते.

कर्र... टक. कर्र... टक.

सगळा श्रावण पोरं गेडीवर चालतात आणि नारबोदीच्या सकाळी सगळ्या गेड्या शिवेवर मोडून टाकतात. तसा रिवाज आहे.

मग ती आली.

बांबूचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, मातीचं तोंड, कवड्यांचे डोळे. अंगावर हिरवं फाटकं लुगडं. दोरी बांधून तिला जमिनीवरून फरफटत आणत होते. बाया दारातून मोडके झाडू, फाटकी सुपं तिच्या अंगावर फेकत होत्या.

"खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद!"

"माशी-मच्छर घेऊन जा गे नारबोद!"

"इडा-पिडा घेऊन जा गे नारबोद!"

रजत व्हिडिओ काढत होता. मी त्याच्या शेजारी. आणि आमच्या दोघांच्या मधून आई पुढे गेली. हातात ताट. देवाच्या पूजेतला उरलेला खण, नारळ, तांदूळ.

मी "आई, नको" म्हणेपर्यंत ती वाकली होती.

तिने त्या मातीच्या कपाळाला कुंकू लावलं. हिरव्या पदराची झोळी केली. त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. हात जोडले. आणि ओटी भरल्यावर कोणत्याही सवाष्णीला म्हणतो तसं, सवयीने, मोठ्याने म्हणाली...

"पुन्हा ये गं माय."

ढोल थांबला.

गेड्या थांबल्या.

मग काकांनी आईच्या हातातलं ताट हिसकावून भिंतीवर फेकलं.

"वहिनी! काय केलं हे! आमी तिले गावाबाहेर काढून राह्यलो अन् तुमी तिले माहेरी बोलावून राह्यल्या?"

पुढचं सणासारखं नव्हतं.

आधी एकाने काठी मारली. मग दुसऱ्याने. मग सगळे तुटून पडले. तोंडावर मारत होते, पोटावर मारत होते. भैयालाल नावाचे एक म्हातारे, जे आदल्या दिवशी आम्हाला हसून चहा पाजत होते, ते तिच्या छातीवर दोन्ही पायांनी उड्या मारत होते. त्यांच्या ओठांतून थुंकी उडत होती. मातीचं तोंड फुटलं. एक कवडी घरंगळत माझ्या चपलेपाशी आली. आतला बांबू तडकला आणि मी कान झाकले. माझं मनगट मोडलं तेव्हा असाच आवाज आला होता.

पालापाचोळा झाला तेव्हा कुठे ते थांबले. काकांनी काठीने तो ढीग उपसला. एकदा. परत एकदा.

"नारळ कोठी हाये?" कोणीतरी विचारलं.

नारळ नव्हता. खण नव्हता.

तांदळाचा एक दाणासुद्धा नव्हता.

उरलंसुरलं ओढत ते शिवेवर घेऊन गेले. मी आणि रजत लांबून बघत होतो. पोरांनी सगळ्या गेड्या गुडघ्यावर घेऊन मोडल्या आणि तिथेच टाकल्या. मी स्वतः पाहिलं. गावात एकही धड गेडी उरली नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण नंतर सगळे मलाच वेडी ठरवतात.

घरी आलो. काकूंनी चूल पेटवली नव्हती. आई कोपऱ्यात बसली होती, चिडलेली. "एवढं काय झालं? ओटीच तर भरली," असं पुटपुटत होती. गोदाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या.

"कोणाची ओटी भरली, मालूम हाये का तुले?"

आईने मान वर केली.

"तुह्या सासऱ्याच्या बहिणीची. मैनाची."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच लिहिते. गोदाबाई याच गावची लेक, याच गावात दिलेली. तेव्हा त्या लहान होत्या. आमचे पणजोबा महागू, त्यांची दोन लेकरं. मोठी मैना, धाकटे डोमाजी. मैनाचा नवरा मेला आणि सासरच्यांनी तिला हाकललं. ती माहेरी आली. त्याच पावसाळ्यात गावात माता आल्या, म्हणजे देवीची साथ. एकामागून एक लेकरं मेली. लोक म्हणायला लागले की हिचीच नजर आहे, ही टोनही आहे, चेटकीण आहे, ही आल्यापासूनच सुरू झालं.

"नारबोद वाहाचा मान महागूचा होता," गोदाबाई म्हणाल्या. "त्या वर्षी गाववाल्यायनं मातीची नारबोद बनवलीच नाई. मैनालेच दोर बांधला."

रजत हसायचा प्रयत्न करत होता. जमलं नाही.

"इथून शिवेपर्यंत फरफटत नेलं. ज्याच्या हातात जे होतं त्यानं मारलं. पोरायनं गेडीनं मारलं. म्या बी मारलं वो. मले काय समजे? सगळे मारत होते..."

त्यांनी तोंडावर पदर घेतला.

"मेली असं समजून सोडून आले. पण नाई मेली. दुपारी परत आली. एक पाय मोडला होता, तं दोन तुटक्या गेड्यायच्या टेकूनं आली. कर्र टक, कर्र टक... आमी सगळे दार लावून ऐकत होतो. बापाच्या दारासमोर उभी राह्यली. म्हणे, बाबा, मी मैना. दार उघडा."

"मग?" मी विचारलं.

"महागूनं उघडलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उघडलं, अन् तिच्याच हातची गेडी घेऊन तिचं डोकं फोडलं. गावासमोर. इथंच, या उंबऱ्यावर."

या उंबऱ्यावर. म्हणजे ते घर आमचंच होतं. आजोबा आणि त्यांची आई गाव सोडून गेल्यावर काकांच्या घराण्याने घेतलेलं. मी जिथे बसले होते तिथून उंबरा हातभर लांब होता.

महागू पुढच्याच पोळ्याला मेले. कसे, ते गोदाबाईंनी सांगितलं नाही. "हात वाचले नाई त्याचे," एवढंच म्हणाल्या.

काका उठले. "आता निघा. जेवू नोका, काही नोका. नारबोद यायच्या आधी निघा."

सगळ्यांची धावपळ उडाली. गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून बाहेर खळ्यावर लावली होती. रजत म्हणाला, "ताई, तू सामान ठेवून ये. माझे हात जड पडलेत. काय झालंय कळत नाही." मी किल्ली घेतली, दोन बॅगा उचलल्या आणि निघाले.

गल्ली रिकामी. सकाळी जिथे माणूस मावत नव्हता तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळी दारं बंद. आभाळ इतकं खाली आलं होतं की भर सकाळी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं.

गाडीत बॅगा टाकल्या. डिकी बंद केली.

आणि ऐकलं...

कर्र... टक.

मी वळले. कोणी नाही.

कर्र... टक.

शिवेकडून येत होता आवाज. हळूहळू. एका पायावर जोर, दुसरा पाय ओढत. पोरं चालतात तसा नाही. दुखणाऱ्या माणसाचा.

कर्र... टक... कर्र... टक...

मी पळाले. चप्पल निघाली, तशीच पळाले. आवाज मागे. मी थांबले की थांबायचा. मी पळाले की यायचा.

काकांचं दार बंद होतं.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "आई! दार उघड! मी आहे!"

आत कुजबुज होती. मग तीही थांबली.

"आई, मी मंजू! दार उघड ना!"

दारापलीकडे कोणीतरी उभं होतं. फटीतून साडीचा काठ दिसत होता. आईची साडी. निळी, बारीक काठाची. मीच घेऊन दिलेली.

"आई..."

दार उघडलं नाही.

मग गल्लीतली बाकीची दारं उघडली. एकदम. दोन्ही बाजूंची.

माणसं बाहेर आली. हातात काठ्या, दांडे. बायासुद्धा. लहान पोरंसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे माझ्या डोक्याच्या बरेच वर, छपराच्या पातळीवर लागलेले.

"घेऊन जा गे नारबोद," कोणीतरी हळू म्हणालं.

"घेऊन जा गे नारबोद!"

"अरे, मी मंजुषा आहे! मी आहे! काका!"

पहिली काठी पाठीवर बसली. श्वासच गेला. दुसरी पोटरीवर. मी दाराला चिकटले, नखांनी लाकूड ओरबाडलं. भैयालालनी माझे केस धरून मला मागे ओढलं. कालच त्यांनी मला बेटी म्हटलं होतं. मी त्यांच्या हाताला चावले. तोंडात त्यांचं रक्त आलं.

तेवढ्यात दार उघडलं.

रजत होता.

मला इतकं हायसं वाटलं की मी रडायलाच लागले. "रजत, बघ ना हे..."

त्याच्या हातात बांबू होता. आखूड, एका टोकाला पावठीची दोरी लोंबकळत असलेला. मोडलेली गेडी. ती घरात कुठून आली, मला माहीत नाही.

त्याने ती दोन्ही हातांनी वर उचलली आणि माझ्या कपाळावर घातली.

मी उंबऱ्यावर पडले. डोळ्यांत रक्त. दुसरा फटका खांद्यावर. हाड तुटलं, मला ऐकू आलं. त्याचा चेहरा मला दिसत होता. माझा भाऊ, ज्याला मी सायकल शिकवली, ज्याच्या बारावीची फी मी भरली. तो दात ओठ खात होता. त्याने परत बांबू उचलला, आणि मला समजलं की मी आता मरणार.

तेव्हा तो आवाज अगदी माझ्या डोक्याशी थांबला.

टक.

ओल्या मातीचा वास आला. चुरगळलेल्या पळसाच्या पानांचा वास आला. आणि कोणीतरी माझ्या अंगावर पालथं पडलं. वजन होतं त्याला, माणसाचं. थंडगार. माझं डोकं त्याच्या छातीखाली. मी डोळे मिटले.

फटके पडत होते. मला धक्का बसत होता, पण लागत नव्हतं. बांबू पडायचा आणि हाड मोडल्याचा आवाज यायचा. माझं नाही. परत पडायचा, परत मोडायचं. गाव ओरडत होतं. रजत ओरडत होता. आधी रागाने. मग वेगळंच. मग नुसता किंचाळत होता, लहान मूल किंचाळतं तसा.

अंगावरचं वजन उठलं.

मी डोळे उघडले. रजत माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. बांबू बाजूला पडला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापासून खाली लोंबत होते, कापडाच्या बाहुलीचे असतात तसे. एका मनगटातून हाड बाहेर आलं होतं. त्याला कोणीही हात लावला नव्हता.

गावातली माणसं झोपेतून उठल्यासारखी उभी होती. आपल्या हातातल्या काठ्यांकडे बघत होती. एक बाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. भैयालाल आपल्या चावलेल्या हाताकडे बघून विचारत होते, "ये किसने किया? ये किसने किया?"

मी उठायला गेले. मांडीवर काहीतरी जड होतं.

माझ्या ओढणीची झोळी केलेली होती. त्यात आईने ठेवलेला खण. ओंजळभर तांदूळ. आणि नारळ.

तिने माझी ओटी भरली होती.

काकांनी आणि काकूंनी आम्हाला गाडीत घातलं. गाडी काकांनी चालवली. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रजतच्या हातांचे एक्स-रे बघितले आणि विचारलं, "हे हात दगडावर ठेवून ठेचलेत का कोणी?" आई म्हणाली, "नाही हो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आला." अजिबात न अडखळता. माझ्या कपाळाला टाके पडले, खांद्याला प्लास्टर. मी त्याच ट्रॉलीवरून पडले, असं लिहिलं गेलं.

लग्न मोडलं. मुलीकडच्यांना दोष देत नाही. रजतच्या दोन्ही हातांत सळया आहेत. ग्लास धरता येतो, चमचा धरता येत नाही. त्याला मी भरवते. अधूनमधून तो खाता खाता रडतो.

"ताई, मला तू दिसलीच नाहीस," तो म्हणतो. "दारात ती उभी होती. छपराएवढी. तिच्या तोंडाला माती होती. तू कुठेच नव्हतीस, शप्पथ."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. गावातल्या सगळ्यांनी काकांना हेच सांगितलं. सगळ्यांना तीच दिसली, तिचाच आवाज आला. म्हणजे ते कोणीच शुद्धीवर नव्हते. मी त्यांना माफ केलं. भैयालालनासुद्धा. अशा गोष्टीत माणसाचा काय इलाज?

पण एक गोष्ट राहिली होती.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. रजत झोपला होता. मी तिच्याजवळ बसले, दोन काड्या निवडल्या आणि विचारलं.

"आई, तुला काय दिसलं गं त्या दिवशी?"

"मले काय दिसणार? मी तर आत होती. दार बंद होतं."

"मग ऐकलं असशील. तिचा आवाज कसा होता?"

आई मेथी निवडत राहिली.

"तिचा नव्हता," ती म्हणाली. "तुझाच होता."

माझे हात थांबले.

"तू म्हणाली, आई, मी मंजू. मी ऐकलं न."

"मग दार काहून नाही उघडलं?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ना राग होता, ना भूत होतं. नेहमीची माझी आई होती. उलट मला हे कसं समजत नाही, याचंच तिला नवल वाटल्यासारखं दिसलं.

"घरात रजत होता न," ती म्हणाली.

आणि जुडी संपली तशी उठून आत गेली.

मी अजून त्याच घरात राहते. रजतचं करायला कोणीतरी हवं, म्हणून आता कोणी सध्या म्हणत नाही. पाथरटोल्याला मी परत गेले नाही. मैनाची मला भीती वाटत नाही, खरं सांगायचं तर कधी कधी तिची आठवण येते.

संध्याकाळी कामावरून येते. जिना चढते. बेल वाजवते.

आतून आईची पावलं येतात. दारापाशी येऊन थांबतात.

"कोण?"

"आई, मी."

मग आत काही क्षण काहीच आवाज होत नाही. शेवटी कडी निघते, दार उघडतं आणि आई म्हणते, हातपाय धू, चहा टाकते.

त्या काही क्षणांत दारापलीकडे ती काय ठरवत असते, ते मला अजून कळलेलं नाही.